सोन्याशिवायची नळी

विभागात त्यांना सगळे अंधारबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ फिरली की 'अंधारबाई', आणि बाईंना दोन्ही ठाऊक होतं. रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत प्रकाश मोजायचं मशीन होतं. बाहेरचा उजेड आत शिरला की मशीन भलतेच आकडे दाखवतं, म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नव्हती आणि दाराला जाड काळा पडदा होता. नोकरीला लागल्यापासून बाई त्या पडद्याआड बसत आल्या होत्या. बरोबरीच्या लोकांना वरच्या मजल्यांवर खोल्या मिळाल्या, पाट्या मिळाल्या, काहींना तर बसून बसून पोटं मिळाली. बाईंना दर काही वर्षांनी नवा पडदा मिळाला.

स्वभाव विचाराल तर आंबट. विद्यार्थी बाटल्या घेऊन रांगेत उभे राहत. बाई त्यांतला द्रव काचेच्या चौकोनी नळीत ओतत, मशीनमध्ये ठेवत आणि त्याच्या काचेच्या पडद्यावर आलेख उमटायच्या आधी त्या विद्यार्थ्याची अक्कल मोजून मोकळ्या होत. नळीच्या चकचकीत बाजूंना बोटं लावणाऱ्या माणसाचा संसार टिकणार नाही, असं त्या बेधडक सांगत. एकाचा खरंच टिकला नाही, तेव्हापासून मुलं जास्तच घाबरत.

मोजायचं काय, तर चमक. काही औषधं अशी असतात की त्यांच्यावर अतिनील प्रकाश सोडला की ती निळसर उजळतात. पण किती उजळतील हे औषधावर कमी आणि ते कुठे बसलंय त्यावर जास्त अवलंबून. पाण्यात सोडलं तर औषधाचा रेणू सुट्टी लागलेल्या पोरासारखा. वळवळतो, गिरक्या घेतो, पाण्याच्या रेणूंवर आपटतो, आणि मिळालेली सगळी ऊर्जा त्या धिंगाण्यात घालवतो. उजेडाला काही उरत नाही. तोच रेणू एखाद्या प्रथिनाच्या घडीत, अगदी त्याच्याच मापाच्या पोकळीत जाऊन बसला, तर हातपाय हलवायला जागा नाही आणि पाणीही धक्के मारत नाही. मग साहेब गपचूप बसतात आणि चमकतात. ही पोकळी इतकी लहान असते की केस तिच्यापुढे ओंडका वाटावा. एवढंच शास्त्र आहे. बाई ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि शेवटी म्हणत, "म्हणजे जागा बघायची, समजलं? चमकणाऱ्याचं कौतुक नंतर."

हे सगळं सांगणाऱ्या बाईंनी स्वतः जे केलं, ते आता ऐका.

विभागाचे प्रमुख हे एक वेगळंच प्रकरण. ते कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथून सोनं घेऊन आले. म्हणजे कल्पना घेऊन आले. सोन्याचे अगदी मोजके अणू एकत्र आणले की त्यांचा एक चिमुकला पुंजका होतो. तो पिवळा दिसत नाही, सोन्यासारखा वागत नाही, आणि अतिनील दिव्याखाली धरला की निखाऱ्यासारखा लाल चमकतो. हे पुंजके सुटे ठेवले तर एकमेकांना चिकटून वाया जातात, म्हणून त्यांना प्रथिनाचं वेष्टण द्यायचं. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन घ्यायचं, त्यात सोन्याचा क्षार टाकायचा, थोडा अल्कली घालायचा आणि ऊबेत ठेवून द्यायचं. चहासारखा तपकिरी द्रव तयार होतो. दिव्याखाली धरा, लाल.

"बाई, यात आपलं ते औषध घालून बघा," प्रमुख म्हणाले.

बाईंनी घातलं. जे औषध पाण्यात मरतुकडं निळं दिसायचं, ते या द्रवात झळाळून उठलं. बाईंनी मापं घेतली. औषध पाण्यात, सोनं एकटं, आणि औषध सोन्यासोबत. तीन आलेख एकावर एक ठेवले आणि शेवटचा डोंगरासारखा वर गेला.

"सोन्याने औषधाला उजेड दिला," प्रमुख म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी ते वाक्य त्यांनी तीन निरनिराळ्या लोकांना फोनवर ऐकवलं.

आता यात एक माप राहिलं होतं. नुसतं प्रथिन, सोनं न घातलेलं, आणि त्यात औषध. कुणीही पहिल्या वर्षाच्या पोराने विचारावं असं. पण प्रथिन म्हणजे वेष्टण, आणि मिठाईपुढे पुडक्याला कोण विचारतं? प्रमुखांना ते सुचणं शक्यच नव्हतं. त्यांना नळी उलटी धरली तरी कळायचं नाही. पण 'जागा बघायची' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बाईंना सुचू नये? सुचलं नाही. खरं सांगायचं तर लाल चमक बघून त्यांचे डोळे दिपले. आयुष्यभर अंधारात बसलेल्या माणसाचे दिपायचेच. पण म्हणून काही ती चूक गोड होत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. लेख छापून आला. वर्तमानपत्रात फोटो आला, प्रमुख पुढे आणि बाई मागे, हातात लाल नळी. रक्तात औषध किती आहे ते या चमकेवरून ओळखता येईल, डॉक्टरांना मात्रा ठरवायला सोपं जाईल, असं खाली लिहिलं होतं. बाईंच्या सासूबाई, ज्यांनी सुनेच्या नोकरीचा उल्लेख आजवर 'बाटल्या विसळायला जाते' असाच केला होता, त्यांनी तो फोटो कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. आतून, कारण बाहेरून लावला तर सून शेफारेल. पण शेजारणी आल्या की कपाट उघडायचं काहीतरी काम निघायचंच.

"आमच्या सुनेने सोन्याला चमकवलं," त्या सांगत.

"सोनं आधीच चमकतं ना हो?" एकदा एका शेजारणीने विचारलं.

"तुमचं चमकत असेल. हिचं डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक आहे, तरी चमकतं."

बाई आतल्या खोलीतून ऐकत आणि नाक मुरडत. पण आत राहून, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, ऐकत.

आणि मग खोलीची गोष्ट निघाली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला एक रिकामी खोली होती. दोन खिडक्या, बाहेर झाड, भिंतीला लागून लांब ओटा. तपासणी समिती येणार होती. तिने सोन्याच्या कामावर शिक्का मारला की बाईंना वरिष्ठ पद आणि ती खोली, असं प्रमुखांनी सांगितलं. दारावर पाटी लागणार. मशीनही वर जाणार, एका कोपऱ्यात काळी पेटी करून. म्हणजे काम अंधारात आणि बाई उजेडात.

जगातल्या यच्चयावत मानसन्मानाला 'हुं' म्हणणाऱ्या या बाई जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्या खोलीच्या दाराच्या काचेतून आत बघून येऊ लागल्या. पायऱ्या चढल्याने गुडघे बरे राहतात, असं कुणी न विचारताच सांगत. टेबल कुठे ठेवायचं ते त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. खिडकीला पाठ करून नाही, खिडकीकडे तोंड करून.

समिती यायच्या आधीच्या आठवड्यात सोन्याचा क्षार संपला. नवा मागवलेला यायचा होता. प्रथिनाचा द्रव मात्र तयार होता. बाईंना मशीनचा दिवा तपासायचा होता आणि हाताशी दुसरं काही चमकणारं नव्हतं. औषधाची मिणमिणती चमक दिव्यापुरती पुरली असती, म्हणून त्यांनी पाण्याऐवजी हाताशी असलेल्या त्या कोऱ्या प्रथिनातच औषधाचे चार थेंब टाकले. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली, त्यांनी 'येत नाही जा' म्हणून सांगितलं आणि बटण दाबलं.

आलेख वर चढला. चढत राहिला. सोन्याच्या डोंगराची उंची ओलांडून वर गेला.

बाईंनी नळी बाहेर काढली, पुसली, नवीन द्रव घेतला आणि पुन्हा मोजलं. मग त्यांना वाटलं, अल्कली आणि ऊब यांनी प्रथिनाची घडी बदलत असेल. म्हणून सोनं सोडून बाकी सगळं जसंच्या तसं केलं, तेवढाच अल्कली, तेवढीच ऊब, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजलं. आकडा जवळपास तोच. म्हणजे औषध सोन्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. ते प्रथिनाच्या पोकळीत शिरून बसलं होतं आणि तिथे बसल्यामुळे चमकत होतं. सोनं उलट त्या निळ्या उजेडातला थोडा आपण खात होतं आणि लाल होऊन मिरवत होतं. रक्तात तर प्रथिनं खच्चून भरलेली. तिथे औषध त्यांना चिकटून आपोआप चमकणार, कुणाच्या रक्तात जास्त, कुणाच्या कमी, आणि त्या चमकेवर डॉक्टर मात्रा ठरवणार.

स्वतःला बाईंनी ज्या शब्दांत फैलावर घेतलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. रांगेतल्या मुलांना त्या मानाने त्या लाडाने वागवत होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

प्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी दोन आलेख टेबलावर ठेवले.

"हे काय?" प्रमुख म्हणाले.

"हे सोन्यासकट. हे सोन्याशिवाय."

"सोन्याशिवायचं जास्त कसं?"

"कारण सोन्याचा काही संबंध नाही, सर. अंड्याचा पांढरा आहे तो सगळा."

प्रमुखांनी उठून दार लावलं. "बाई, लेखाच्या नावात पहिला शब्द सोनं आहे. समिती सोनं बघायला येतेय. त्यांना काय सांगू, अंडं आणलंय म्हणून?"

"अंडं तर अंडं."

"दिवा जुना झालाय आपला. दिव्याचा दोष असेल."

"दिवा दोघांना तोच होता."

"हे बघा, मी काय खोटं बोला म्हणतोय का? खोटं बोलूच नका. फक्त हे माप समितीनंतर करा. समजा, अजून केलेलंच नाही. आणि खोली तुम्हाला हवीय ना? मला नकोय, माझ्याकडे आहे."

ती शेवटची दोन वाक्यं बरोबर जागी लागली. माणूस आपल्या कामात ढ असला तरी दुसऱ्याची दुखरी नस कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यावरच तर प्रमुख होता येतं.

घरी बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा गरीब स्वभावाचा, लग्न झाल्यापासून दोन्ही बाजूंना 'तेही बरोबर आहे' म्हणत आलेला.

"सरांचंही बरोबर आहे," तो म्हणाला, "आणि तुझंही."

"मला तिसरं काहीतरी सांग."

"खोली मिळाल्यावर सांगितलंस तर?"

"मग खोली कशावर मिळाली ते पण सांगावं लागेल."

सासूबाई पलीकडे बसून ऐकत होत्या. "म्हणजे सोनं नव्हतंच?"

"होतं, आई. पण नुसतं शोभेला."

"मग ते असतंच शोभेला." त्या म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे का?"

"मला कळलंय."

"तुला कळून काय होतंय. तुला काय कमी गोष्टी कळतात? माझ्या हातचं काय काय चुकतं ते तुला सगळं कळतं, पण जेवतेस ना गुपचूप."

ते खरं होतं, म्हणून बाई ताटं घ्यायला उठल्या.

समिती आली. तिघे होते. दोघांनी खोलीत शिरल्या शिरल्या बसायला खुर्ची शोधली. तिसऱ्या एक म्हाताऱ्या पाहुण्या बाई होत्या, कानाला यंत्र, हातात काठी. त्या उभ्याच राहिल्या. अंधारबाईंनी स्टँडवर दोन नळ्या लावल्या होत्या, एकीत औषध आणि पाणी, दुसरीत औषध आणि सोन्याचा द्रव. तिसरी नळी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होती, चांदीच्या कागदात गुंडाळून. ती का आणली, असं विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्यालाच झापलं असतं; त्यांना तरी कुठे ठाऊक होतं.

पडदा ओढला, दिवा लावला. खुर्चीतले दोघे एकदम म्हणाले, "वा." प्रमुख बोलू लागले. सोन्याने औषधाला उजेड कसा दिला, रुग्णांचं कल्याण कसं होणार, विभागाचं नाव कुठे जाणार. त्यांचा आवाज अंधारात फार खुलायचा.

पाहुण्या बाईंनी काठी टेकली. "सोनं काढून बघितलंत का?"

"हो तर," प्रमुख म्हणाले. क्षणाचाही विचार केला नाही त्यांनी. "ते आम्ही केव्हाच बघितलंय. सोनं काढलं की काहीच नाही. अंधार."

अंधारबाई तिथेच उभ्या होत्या, हातभर अंतरावर. गप्प राहायची त्यांची तयारी झाली होती, हे कबूल करायला हवं. ते माप अजून केलेलंच नाही असं समजायचं, इतपत त्यांनी मनाला पटवलं होतं. पण केलेल्या मापाचा आकडा हा माणूस भलताच सांगत होता. त्यांच्या मशीनचा आकडा, त्यांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर. खोटं बोलणारा माणूस त्यांनी एक वेळ चालवून घेतला असता. चुकीचा आकडा चालवून घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"चमकतं," त्या म्हणाल्या. "जास्त चमकतं."

"बाई, ते वेगळं..." प्रमुख म्हणाले.

"वेगळं नाही. हेच." त्यांनी खिशातली नळी काढली, कागद सोडला आणि स्टँडच्या तिसऱ्या भोकात ठेवली. निळा उजेड सगळ्यांच्या नाकाडोळ्यांवर पडला. प्रमुखांचा चेहरा त्या उजेडात मढ्यासारखा दिसत होता.

"यात सोनं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं अंड्याचं प्रथिन आहे. औषध त्याच्या घडीत बसतं म्हणून चमकतं. हे माप सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं. ते मी घेतलं नाही. लेख चुकलाय."

खुर्चीतल्या एकाने विचारलं, "मग सोन्याचं काय?"

"परत करून टाका," दुसरा म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. चकाकणाऱ्या सगळ्याविषयीची ती जुनी म्हणही त्याने लगेच वापरली. पुढच्या महिनाभरात विभागातल्या प्रत्येकाने ती एकेकदा वापरली, दर वेळी आपल्यालाच सुचल्यासारखी.

पाहुण्या बाई मात्र स्टँडवर वाकून तिसऱ्या नळीकडे बघत होत्या. "लाजबीज वाटते का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वाटते."

"बरं आहे. लेख मागे घ्या, आणि हे नीट लिहून काढा. हे चांगलं आहे." मग प्रमुखांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका आता, मला यंत्र बंद करावं लागेल."

शिक्का अर्थातच मिळाला नाही. वरिष्ठ पदही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन सोफे आले आणि तिला 'सभाकक्ष' अशी पाटी लागली. तिथे सभा कधी झाली नाही. प्रमुख दुपारी तिथे पाठ टेकत. लेख मागे घेतल्याची चार ओळींची सूचना छापून आली, फोटोशिवाय. सासूबाईंनी कपाटाच्या आतला फोटो काढला नाही. शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सोनं नकली निघालं, सून नाही," आणि कपाट बंद केलं. बाईंनी ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि या खेपेला नाक मुरडायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

प्रमुख काही महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. ते महिने बाईंच्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. त्या काळात त्यांनी औषध वेगवेगळ्या प्रथिनांत घालून बघितलं, साबणाच्या द्रावणातल्या इवल्या गोळ्यांत घालून बघितलं, साखरेपासून बनलेल्या, वाटीसारख्या पोकळ रेणूंत बसवून बघितलं. कुठे किती चमकतं आणि का, ते लिहिलं, आणि एका लहानशा नियतकालिकाकडे एकटीच्या नावाने पाठवलं. नावात सोनं नव्हतं, त्यामुळे कुणी वाचेल अशी आशाही नव्हती.

मग एक दिवस प्रमुख जिन्याखाली आले.

"बाई, मला व्याख्यान द्यायचंय. आपल्या त्या अंड्याच्या कामावर. स्वस्त, साधं, कुठेही मिळणारं. लोकांना हल्ली असं आवडतं."

"आपल्या?"

"विभागाच्या म्हणा. मला सुरुवातीपासून शंका होतीच त्या सोन्याची."

असा निगरगट्टपणा मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही.

"आकडे पाहिजे होते," प्रमुख म्हणाले.

"छापून आलेत. शोधा. माझं एकटीचं नाव आहे, सापडायला सोपं जाईल."

व्याख्यान मोठ्या सभागृहात झालं. बाई शेवटच्या रांगेत बसल्या. नवराही आला होता. सासूबाईंनी त्याला 'जाऊन बघ ती काय बोलते कुणाला' म्हणून मुद्दाम पाठवलं होतं. प्रमुख झोकात बोलले. रेणूला योग्य जागा मिळाली की तो कसा उजळतो, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या रांगेत कुणीतरी मान डोलावली. मागे पडद्यावर बाईंचा आलेख होता. खाली कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं होतं, इतक्या बारीक अक्षरात की मुंगीने चष्मा लावावा.

"तुझं नाव असेल," नवरा कुजबुजला.

"असेल म्हणजे काय?"

बाई उठल्या. रांगेतल्या लोकांचे पाय ओलांडत मधल्या वाटेवर आल्या, सगळ्या सभागृहाच्या देखत चालत पुढे गेल्या, व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहून वाचू लागल्या. प्रमुख वाक्याच्या मध्येच थांबले. बाईंनी ओळ सावकाश, शेवटपर्यंत वाचली. नाव होतं. साल चुकलेलं होतं.

"साल चुकलंय," त्या प्रमुखांना म्हणाल्या. "बाकी चालू द्या."